रेणुकेचं धड

अक्का,

शुद्धलेखनाचं आधीच माफ कर. चौथीपर्यंत शिकले आणि त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही, वेलांटी कुठल्या बाजूला ओढायची हे अजून हात थांबवून आठवावं लागतं. अक्षर तर असं की गुरुजी विचारायचे, पाटीवरून कोंबडी चालली काय गं? पण तुला काही वाचायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाला मी दाखवणार नाही. तेव्हा चालेल.

तू होतीस तेव्हा दोघींचं बोलणं तूच करायचीस. प्रश्न तुझा, उत्तर तुझं, वर "बरोबर का न्हाई, सुमे?" हेही तुझंच. मी मान हलवायची. आता तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून क्रमानं सांगते. तुझा दहावा झाला आणि ज्या गावची सुपारी तू घेतली होतीस त्या गावच्या जत्रा कमिटीची माणसं आपल्या शेडमध्ये आली. म्हणाली, खेळ करा, पण धड काढा. त्याचं काय झालं ते तुला सांगायचं आहे. आणि आपलं एक भांडण अर्धंच राहिलं आहे, तेही.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आम्ही टोमॅटो निवडून क्रेट भरत होतो. दारात उभी राहून तू थोडा वेळ बघितलंस आणि एकदम ओरडलीस, "अगं ए, मोडंल की कंबर! क्रेट पाठीनं न्हाई उचलायचं. मांडीनं उचल."

वच्छला म्हणाली, "ही कोण नवी मुकादमीण?"

तू पदर खोचून आत आलीस, गुडघ्यांतून खाली बसलीस आणि भरलेलं क्रेट घेऊन सरळ उठलीस. तुझ्या वयाला. गुडघे कडकड वाजले, पण पाठ खांबासारखी ताठ. संध्याकाळपर्यंत सगळ्या बायका तशाच उचलू लागल्या आणि रात्री कोणाची कंबर दुखली नाही. नाटक शिकवायला आलेय असं तू कितीतरी दिवस आम्हाला सांगितलंच नाहीस.

मग हळूहळू कळलं की तू तरुणपणी तमाशाच्या फडात होतीस. कळल्यावर काही जणी जरा लांब बसून डबा खायला लागल्या. तुला ते दिसत होतं. तू आपला डबा उचलायचीस आणि बरोबर त्यांच्याच मधे जाऊन बसायचीस. "भाजी कसली?" म्हणायचीस आणि त्यांच्या डब्यातली घ्यायचीस. मी तुला अहोजाहो करायची, तर म्हणालीस, "फडात मला समोर बाई म्हणायचे अन् माघारी अगं-तुगं. तू तोंडावर अगं म्हण. माघारी काय म्हणायचं ते म्हण." तेव्हापासून तू अक्का आणि तू.

फड सुटल्यावर पुण्याकडच्या एका मंडळीबरोबर तू काही वर्षं काम केलंस. ते लोक बोलत नाहीत, गात नाहीत, नुसत्या अंगानं गोष्ट सांगतात. हे तू सांगितलंस तेव्हा वच्छलानं विचारलं, "मंग त्यांना पैशे कशाचे देत्यात?" तू इतकी हसलीस की ठसका लागला.

हंगाम संपला, शेड रिकामी झाली. मालकाला विचारून तू आम्हाला दुपारचं बोलवायला लागलीस. ऊस उभा होता, त्यामुळे दिवस मावळायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असायचं. उसातला बिबट्या आपल्यासाठी थांबत नाही. भांडी घासून आम्ही यायचो. मोकळ्या हातानं भरलेलं क्रेट उचलायचं. नसलेलं क्रेट डोक्यावर घेऊन चालायचं. कोणाची मान सरळ राहिली तर म्हणायचीस, "तुझं रिकामं हाय. भर अजून." आम्हाला वाटायचं व्यायाम आहे. गुडघ्याला, पाठीला बरा.

एका दुपारी तू विचारलंस, "कोणी मारायला धावलं तर काय करता?"

वच्छला म्हणाली, "मी पळती. अन् पळता पळता त्याचं जेवलेलं ताट बी उचलती, न्हायतर मलाच घासाया परत यावं लागतं."

सगळ्या हसल्या. तू हसू दिलंस. मग म्हणालीस, "आता तोंडानं न्हाई. अंगानं सांगा." आणि तू एकदम हात उगारलास.

सगळ्यांचा डावा कोपर वर गेला. सगळ्यांचा डावा. मान उजवीकडे, कोपर कानाशी, उजवा हात पोटावर. कोणी कोणाकडे बघून केलं नव्हतं. धनगराच्या दोघी होत्या, आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या होत्या, एक खोडदवरून नुकती लग्न होऊन आलेली पोरगी होती, सगळ्यांचं एकच. वरचा पत्रा तापून वाजत होता. मी तुझ्याकडे पाहिलं. हात उगारलेली तू होतीस, आणि तुझाही डावा कोपर वर होता.

तू कोणाला विचारलं नाहीस की कोणी मारलं. एवढंच म्हणालीस, "हे सगळ्यांना येतं. मंग यातूनच करू."

पुढच्या दुपारी तू रेणुकेची गोष्ट काढलीस. आम्हाला ठाऊकच होती. रेणुका पाणी आणायला नदीवर गेली, पाण्यात खेळणारे लोक दिसले, बघत उभी राहिली, उशीर झाला. नवरा ऋषी, त्याला राग आला. पोरांना म्हणाला, आईचं डोकं उडवा. थोरल्यांनी नाही म्हटलं, त्यांचे दगड झाले. धाकट्यानं, परशुरामानं, उडवलं. बाप खूश झाला, वर माग म्हणाला. पोरानं मागितलं, आई जिवंत होऊ दे आणि तिला यातलं काही आठवू नये. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. आपण त्यात पोराचं कौतुक करायचो, की बघा, शेवटी आईला उठवली.

तू म्हणालीस, "देवळात काय हाय?"

"मुखवटा," आम्ही म्हणालो.

"म्हंजी मुंडकं देवळात बसलं. त्याला कुकू लावता, खण घालता. अन् धड कुठं गेलं?"

मग तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "धड सुमी करंल."

अक्का, मला लहानपणापासून सगळ्यांनी एकच म्हटलेलं. आई म्हणायची, हिला धड बोलता येत नाही. सासू म्हणायची, धड उत्तर देत नाही. बाजारात भाव विचारायचा तर मी बोटानं दाखवते. मी नको नको म्हणून मान हलवली, पण तू जवळ येऊन सांगितलंस की धडाला तोंड नसतं. पाठमोरं उभं राहायचं. मान पुढे छातीवर टाकायची, म्हणजे लोकांना नुसते खांदे आणि पाठ दिसते, वर काही नाही. बोलायचं नाही, बघायचं नाही, कोणाला तोंड दाखवायचं नाही.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तोंड दिसणार न्हाई ना? मंग कर." तुला ते सांगितलं, तू म्हणालीस, "त्याला म्हणावं, तिकीट काढून बघाया ये, वळख पटती का बघू." त्यांना ते आवडलं. त्या दिवसापासून ते मला शेडवर सोडायला यायला लागले.

तू मला काय काय शिकवलंस. खांद्यांनी बघायचं. पाठीनं श्वास घ्यायचा. वच्छला परशुराम. तिच्या हातात कुऱ्हाड नाही, नुसता हात वर जातो आणि खाली येतो, मला लागत नाही. पण मी खाली जायचं. मी पहिल्यांदा पडले तर म्हणालीस, "हे पोतं पडलं. बाई अशी पडत न्हाई. बाई आधी बसती. आपण मेलो हे बाईला लई उशिरा कळतं." बाकीच्या बायका थोरले भाऊ. त्या जागेवर उभ्या राहून दगड व्हायच्या, एकेकीचा डावा कोपर वर. मग एवढ्या दगडांच्या मधे मी एकटीच हलणारी. एका दुपारी तू माझ्या पाठीवर तळहात ठेवून उभी होतीस. कितीतरी वेळ. म्हणालीस, "आत्ता बोलली बघ." मी घरी जाताना कॅनॉलच्या पुलावर थांबून उगाच हसले होते. हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि मग ते भांडण. शेवटी रेणुका जिवंत होऊन उठते तेव्हा काय करते?

तू म्हणायचीस, "वळती. लोकांकडं अन् पोराकडं. मान वर कर, वळ, अन् बघत ऱ्हा. लोकांचा घसा कोरडा पडला पाहिजे."

मी म्हणायची, "न्हाई वळत."

पहिल्यांदा मी "न्हाई" म्हणाले तेव्हा तू आनंदानं वच्छलाला चिमटा काढलास. पण मी रोज म्हणायला लागल्यावर चिडलीस. "का न्हाई वळत? घाबरती?"

"न्हाई."

"लाजती? तुला तोंड दाखवायचं न्हाई म्हणून रेणुकेला कोपऱ्यात बसवू नगं, सुमे."

"तसं न्हाई."

"मंग कसं?"

"ती घागर उचलंल अन् आत जाईल."

"मुडदा उठून घागर उचलतो व्हय गं?"

वच्छला म्हणायची, "मला कुणीतरी सांगा रे, मी किती येळ हात वर धरून उभी ऱ्हाऊ?"

मला कारण माहीत होतं. धड सांगता आलं नाही. आज सांगते.

मी चौदा-पंधरा वर्षांची होते. माहेरी, कॅनॉलवर धुणं धुवायला गेले होते. पलीकडे धनगरांचा वाडा उतरला होता आणि ते मेंढरं पाण्यात घालून धूत होते. कोकरं नाकं वर करून पोहत होती, पोरं शेपटाला धरून ओढत होती. मी उभी राहून हसत होते. मोठ्यानं हसत होते, अक्का. तेव्हा मी मोठ्यानं हसायची. उशीर झाला. कोणीतरी आधीच घरी जाऊन सांगितलं होतं. वडील बाजेवर बसले होते. ते उठलेसुद्धा नाहीत. दादाला म्हणाले, "बघ रे हिच्याकडं." दादानं कासरा घेतला. त्याला मिसरूड फुटत होतं. मारताना तो रडत होता. मी भिंतीकडे तोंड करून होते, म्हणून मला त्याचं रडणं फक्त ऐकू येत होतं.

झाल्यावर मी उठले. त्याच्याकडे बघितलं नाही. रागानं नाही, भीतीनं नाही. बादलीत कपडे पिळून तसेच पडले होते, वास आला असता. मी बादली उचलली आणि मागच्या दोरीवर कपडे वाळत घातले. दुसऱ्या दिवशी दादानं बाजारातून माझ्यासाठी जिलबीची पुडी आणली. मी ती खाल्ली. भूक लागली होती.

दादा चांगला आहे. दर भाऊबीजेला येतो, माझ्या पोरांचे लाड करतो. पण अजून मी त्याला वाढते ते खाली बघून. त्याला वाटतं मी मान ठेवते. त्यानंही मनात तोच वर मागितला असणार, हिला काही आठवू नये. वर मागणाऱ्याला विसरायचं असतं गं. रेणुकेला कोणी विचारलं होतं का, तुला विसरायचंय का?

म्हणून मी म्हणत होते, ती वळत नाही. तिनं वळून बघितलं तर त्याचं काम होतं. डोळ्यात राग दिसला तर तो पाया पडेल, डोळे भरलेले दिसले तर तो गळ्यात पडेल, आणि गोष्ट परत त्याची होईल. हे मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू मला जवळ घेतलं असतंस, आणि मला ते नको होतं. मला भांडण जिंकायचं होतं.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशांच्या राहुट्या लागल्या आणि गावोगावची माणसं सुपारी द्यायला यायला लागली. तू तिथं एका फळ्याखाली खुर्ची टाकून बसलीस. वच्छला आणि मी मागं. त्या गावच्या जत्रा कमिटीचे आबा तुला बघून थांबले. गावाचं नाव लिहीत नाही. तुझं जुनं नाव त्यांना ठाऊक होतं.

"बाई, परत उभा केला का काय फड?"

"केला."

"वग कुठला?"

"रेणुकेचा."

"वा! आमच्या गावात देवीचंच देऊळ हाय. गण, गौळण, बतावणी समदं हाय ना?"

"त्यातलं काय न्हाई."

"मंग गाणी?"

"न्हाईत."

"बोलणं तरी?"

"न्हाई."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मुका तमाशा? बरं बरं, नवीन निघालं असंल." तुझ्या नावावर भरवसा ठेवून त्यांनी नोटांवर सुपारी ठेवून तुझ्या हातात दिली. लोक ती सुपारी जपून देवापुढे ठेवतात. तू पिशवीतून अडकित्ता काढलास, तिथंच फोडलीस आणि सगळ्यांच्या हातावर एकेक खांड ठेवलंस. आबांनीही खाल्ली. "फुटली सुपारी," तू म्हणालीस. "आता ह्यो सोयरसंबंध झाला." त्या पैशातून तू कापड घेतलंस, टेंपोवाल्याला थोडे दिलेस. बाकीचे वच्छलाकडे ठेवायला दिलेस.

मग तू दवाखान्यात गेलीस. मी भेटायला आले तर नाकात नळी, आणि पहिला शब्द काय, तर "वळशील ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मर मंग."

आणि मेलीस तू. असं कोणी करतं का, अक्का? भांडण अर्धं टाकून?

मी तुझ्या दहाव्याला रडले नाही. लोक म्हणाले असतील, हिला धड रडताही येत नाही. पण शेडमध्ये आल्यावर मी पाठमोरी उभी राहिले, मान पुढे टाकली, आणि पाठीवर तुझा तळहात नाही हे पाठीला कळलं. तेव्हा रडले. वच्छला लांबून म्हणाली, "खांदं हलू देऊ नगं, ती वरडंल." आणि तिलाही रडू फुटलं.

दोन दिवसांनी आबा आले, बरोबर दोघं. हंगाम सुरू झाला होता, आम्ही टोमॅटो निवडत होतो. आबांनी आधी तुझं दुःख बोलून दाखवलं, चांगल्या मनानं. मग म्हणाले, "खेळाचं आमच्या कानावर आलं. लेक आईला मारतो, आई बिनमुंडक्याची हिंडती, हे देवळापुढं बरं दिसत न्हाई. आमची म्हातारी रोज तिथं दिवा लावती. तिला मी काय सांगू? तुमी असं करा, देवी उठल्यावर आशीर्वाद देती तेवढं दाखवा. बाकीचं राहू द्या. धड तेवढं काढा."

वच्छला म्हणाली, "आशीर्वाद कुणाला? मला व्हय? मारून वर आशीर्वाद? परशुरामाचं बरं हाय बाई."

"तू मधी बोलू नगं."

"मीच परशुराम हाय, आबा."

ते दोघं हसायला लागले. आबा नाही हसले. मी टोमॅटो खाली ठेवला. हात ओले होते ते पदराला पुसले. मला तुझी वाट बघायची सवय होती, की आता अक्का बोलेल. तू बोलली नाहीस.

मी म्हणाले, "धड काढलं तर मागं काय ऱ्हातं?"

आबांनी विचारलं, "ही कोण?"

"हेच ते धड," वच्छला म्हणाली.

आबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "धड बोलती की!"

सगळी शेड हसली. आबासुद्धा. मी पण, मोठ्यानं. हसणं थांबल्यावर मी सांगितलं, "मुखवटा तुमच्या देवळात हाय, त्याला आमी हात लावत न्हाई. धड तुमच्याकडं न्हाईच. ते आमच्याकडं हाय. ते काढायचं न्हाई. तुमाला नगं असंल तर तुमचे पैशे परत देतो."

"फोडलेली सुपारी परत घेत न्हाईत," आबा म्हणाले. "ही रीत न्हाई. शब्द दिला म्हंजी खेळ झालाच पाहिजे."

"खांड तुमी बी खाल्लं," वच्छला म्हणाली. "मंग चला, तुमी बी नाचा."

मी म्हणाले, "सुपारी आमी खाल्ली, तिचं पाप आमाला. पैशे देतो."

आबांना वाटलं, आम्ही देणार नाही. त्यांचा तसा अनुभव असेल. जाताना म्हणाले, "बघू. नाचणाऱ्यांकडून पैका माघारी आलेला मी तर अजून बघितला न्हाई." ते तुझ्या नावाला लागलं. म्हणून मी मनाशी ठरवलं की एक रुपयासुद्धा ठेवायचा नाही.

आणि खेळ आम्ही केला. जत्रेत नाही, आपल्या शेडमध्ये, एका दुपारी, काम लवकर उरकून. कोणाला बोलावणं गेलं नाही तरी बायका आल्या. डिंगोऱ्यातल्या आल्या, वरच्या अंगाच्या मढ गावाकडच्या आल्या, आबांच्या गावच्याही काही आल्या. क्रेट उलटी करून बसल्या. आमचे हे टेंपोजवळ बसून राहिले, आत आले नाहीत. बायकांचा खेळ आहे म्हणाले. तुझी खुर्ची मी कोपऱ्यात ठेवायला सांगितली, तर वच्छला म्हणाली, "नगं, ती असती तर बसली असती का?" खरं होतं. खुर्ची ठेवली नाही.

वच्छलानं हात वर केला. भाऊ दगड झाले. मागं बसलेल्या बायकांतून कोणाचा तरी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मी आधी बसले, मग गेले. मग धड हललं, उठलं, दगडांच्या मधून चाललं. त्यातलं काही तुला नव्यानं सांगायला नको. तुझंच होतं ते, खांद्याखांद्यानं.

मग ती उठायची वेळ आली. मी मान वर केली. माझ्यासमोर शेडची मागची भिंत होती, रिकामी क्रेट होती. पाठीमागं सगळ्या बायका. मी वळले नाही, अक्का. घागर उचलली, खांद्यावर घेतली आणि उभी राहिले. आत जायच्या आधी एक श्वास घेतला. पाठीनं घेतला.

तेवढ्यात मागून क्रेट सरकल्याचा आवाज झाला. एक म्हातारी, कोणाची ते मला ठाऊक नाही, काठी टेकत दगडांच्या मधून आली. मला वळसा घालून भिंतीच्या बाजूला जाऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझं तोंड बघितलं. तिच्यामागं दुसरी आली. मग खोडदची ती पोरगी, दगड होती ती, दगडपण सोडून आली. बघता बघता सगळ्या बायका पुढच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, आणि मागं एकटी वच्छला राहिली, हात खाली सोडून.

तर आपल्या भांडणाचं असं झालं. माझं खरं होतं, ती वळत नाही. पण तिचं तोंड बघितलंच पाहिजे हे तुझं खरं होतं. फक्त फिरायचं तिनं नव्हतं. हे ना तुला सुचलं, ना मला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मला आधीच ठाऊक व्हतं." नव्हतं तुला ठाऊक.

त्यानंतर पैसे. वच्छलाकडचे सगळे आधीच देऊन आलो. टेंपोवाल्यानं घेतलेले परत केले, म्हणाला, अक्काचे मी ठेवत नाही. कापडाचे राहिले होते, तेवढे आम्ही मजुरीतून बाजूला काढले, दर बाजाराला थोडे. कोणी कुरकुर केली नाही. खोडदची पोरगी तर म्हणाली, कापड आपलं झालं की, मंग पैशे आपलेच लागणार.

आज शेवटचे द्यायला मी एकटीच गेले. वच्छलाचं पोर आजारी होतं. आबा ओट्यावर बसले होते. मी नोटा पुढे ठेवल्या. त्यांनी मोजल्या, परत मोजल्या, आणि आत बायकोला हाक मारली. ती चहा घेऊन आली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, म्हणजे ती शेडमध्ये होती. आबांनी ते बघितलं. मला म्हणाले, "बस. चा घे." मी बसले.

"आमची मंडळी आलती तुमच्या खेळाला," ते म्हणाले. "म्हातारीला बी घेऊन आलती. मला इच्यारलं न्हाई."

"बरं केलं," मी म्हणाले.

त्यांनी नोटांची घडी केली, खिशात घातली. म्हणाले, "पैशे पुरे फिटले बघ. आता तुमचं आमचं काय लागत न्हाई."

"न्हाई लागत," मी म्हणाले. "आता खेळ समदा आमचा."

आणि चहा संपवून उठले.